शेवयांची सावड

माझ्या पोरीला गोळी द्यायची नाही, एवढं एकच त्या उन्हाळ्यात मला पक्कं ठाऊक होतं. बाकी सगळा नुसता गोंधळ. का द्यायची नाही असं कुणी विचारलं असतं तर धड सांगता आलं नसतं, आणि द्यायची नाही तर मग करायचं काय, हे तर मलाच कळत नव्हतं.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. माझं माहेर जळगाव जामोदचं, म्हणजे घाटाखालचं. सासर जानेफळचं, घाटावरचं. जिल्हा एकच, पण घाट चढून आलेली सून इकडे बरेच दिवस पाहुणीच राहते. मला नावानं कुणी हाक मारत नसे, सगळ्या गावाची मी 'जळगाववाली'. पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेले होते, ती चैत्र लागता लागता चार महिन्यांची पोरगी घेऊन परत आले. घरात मोठी माणसं आम्ही तिघंच: सासूबाई, आमचे हे आणि मी. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. गावापासून मैलभरावर आमचा भाजीपाल्याचा मळा होता. हे मोट धरायचे आणि बाजाराच्या दिवशी गाडी जुंपून माल न्यायचे. निंदणं, तोडणं, जुड्या बांधणं हे सासूबाईंचं आणि माझं काम. मी माहेरी गेल्यापासून ते सगळं त्यांनी एकटीनं ओढलं होतं.

मी आले त्याच संध्याकाळी त्यांनी फडताळातून एक पितळी डबी काढली. आत काळपट, बारीक गोळ्या होत्या.

"उद्यापासून ये मळ्यात," त्या म्हणाल्या. "सकाळी दुधात मुगाएवढी उगाळून देली का पोरगी दुपारलोक उठत नाही. आंब्याखाली झोळी बांधू. पाहाचं काम नाही."

अफूची गोळी ती. तेव्हा यात कुणाला काही वावगं वाटत नसे. रानात राबणाऱ्या बाईला दोनच हात, आणि झोळीतल्या लेकराला ते दोन्ही हवे असतात. गावातली निम्मी लेकरं अशीच निजून निजून मोठी झाली होती. आमचे हेसुद्धा त्याच गोळीवर वाढलेले. दुपारी जेवून आडवे झाले की कानाशी ताशा वाजवला तरी उठायचे नाहीत. मी त्यांना म्हणायचे, तुमची लहानपणीची गोळी अजून उतरायची आहे.

पण मला एक भाऊ होता. मी सहा वर्षांची असेन. आई कपाशी वेचायला गेली होती, तो बांधावरच्या झोळीत निजला होता, आणि संध्याकाळी उठवायला गेलो तर उठलाच नाही. गोळीनं गेला की तापानं, मला आजही ठाऊक नाही. मोठेपणी आईला एकदा विचारलं, तर ती उत्तर न देता चुलीतली लाकडं पुढे सारत बसली. म्हणजे सासूबाईंपुढे ठासून सांगावं असं माझ्याजवळ काही नव्हतंच.

"मी नाही देणार," एवढंच म्हणाले.

"काऊन?"

काऊन ते सांगता येईना. माझा स्वभाव असा की अडले की मी चिडते, आणि चिडले की भलतंच बोलते. मी म्हटलं, "तुमी मळ्यात एक बाई लावा. तिची मजुरी मी घरी बसून काढतो."

हे माझ्या तोंडून कुठून आलं देव जाणे. घरी बसून काय काम मिळतं, कुणाकडून मिळतं, मला काडीचं ठाऊक नव्हतं. सासूबाईंना हसू आलं. "आखाजीलोक पाहू," त्या म्हणाल्या. "नाही जमलं तं मळ्यात याचं, न कुरकुरता." आखाजीलोक म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत. महिन्याभराचा अवकाश होता. त्यांनी डबी परत फडताळात ठेवली, पण आत सरकवली नाही. पुढेच ठेवली, हाताशी येईल अशी.

काम शोधायला माणूस घराबाहेर पडतो. मला बाहेर पडायचं नव्हतं म्हणून तर काम हवं होतं. तेव्हा मी दारात बसून काम शोधू लागले.

पहिल्यांदा वाटलं, मळ्यातलंच काम घरी आणावं. ह्यांना म्हटलं, सांबार घरी आणा, जुड्या मी बांधते. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. ह्यांनी बिचाऱ्यांनी आणला. चैत्रातलं ऊन, मैलभर येणं, मग जुड्या बांधून बाजारात नेणं. बाजारात पोचेस्तोवर सांबाराच्या माना पडल्या. संध्याकाळी तो सगळा गठ्ठा परत आला आणि म्हशीनं खाल्ला. सासूबाई काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

मग बियाण्याच्या शेंगा फोडायचं काम आणलं. पेरणीआधी दुकानदार घरोघर भुईमुगाच्या शेंगा फोडायला देत. मला वाटलं, यात काय अवघड आहे? पोरगी झोळीत, झोळीची दोरी माझ्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली, पाय हलवावा आणि हातानं शेंगा फोडाव्यात. पण बियाण्याचा दाणा अख्खा लागतो, वरचं लाल टरफलसुद्धा निघता कामा नये. पोरगी रडली की माझा पाय जोरात हलायचा, आणि पायाबरोबर हातही जोरात चालायचे. दुकानदारानं सुपात दाणे पसरले, दोन बोटांनी चिवडले आणि म्हणाला, "वहिनी, हे चिवड्यात टाकाले चांगले हायेत." सूप उचलून मी घरी आले आणि अंगठ्याला तेल लावत बसले.

सातवी शिकलेली म्हणून बायका पत्रं वाचून घ्यायला येत. पण पत्र वाचायचे पैसे घेणं म्हणजे दारी आलेल्याला पाणी पाजून त्याचे पैसे मागण्यासारखं. कुणी चिमूटभर साखर हातावर ठेवी, कुणी नुसती रडून जाई. ते काम होतं की शेजारधर्म होता? तेव्हा मला याचा निवाडा करता येत नव्हता, आणि नंतर जे झालं ते याच गोंधळातून झालं.

आखाजीच्या आधी घरोघर शेवया होतात. आमच्या घरच्या शेवया मी एका सकाळी एकटीच करायला घेतल्या. बाजेवर तिरपा पाट लावला, पीठ मळून, तेलाच्या हातानं तिंबून मऊ केलं, आणि तळव्याखाली लाटत लाटत खाली सोडायला लागले. खरं तर हे दोन बायांचं काम, एकीनं वळायच्या, दुसरीनं खाली झेलून काठीवर टाकायच्या. मी दोन्ही करत होते, वर पायाच्या अंगठ्यानं पोरीला झोके देत होते. आणि सांगते, शेंगांत हरलेले माझे हात शेवयांत चालले. केसासारखी बारीक शेवई येत होती. अंगणात काठ्यांवर ओळीनं वाळत घातल्या तेव्हा माझं मलाच बरं वाटलं.

शेजारच्या काकू डोकावल्या. पन्नाशीच्या, गल्लीतल्या सगळ्या बायांना धाकात ठेवणाऱ्या. शेवई बोटावर घेऊन उजेडात पाहत म्हणाल्या, "माय वं, केवढी बारीक. एकटीनंच करून राह्यली तू?"

"हाव. एकटीनंच."

त्यांनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं. मला वाटलं, कौतुकानं. "मंग आमच्याबी होऊन जाऊ दे," त्या म्हणाल्या आणि दुपारी पीठ घेऊन आल्या.

जळगावला आमच्या गल्लीत एक विधवा बाई होत्या. त्या लोकांच्या शेवया करून द्यायच्या. कुणी काही ठरवायचं नाही, बोलायचं नाही. शेवया नेताना लोक त्यांच्यापुढे गव्हाची पायली ठेवून जायचे. माझ्या डोक्यात तेच. मला वाटलं, सापडलं! घरात बसून, पोरगी डोळ्यांपुढे ठेवून करता येईल असं काम सापडलं. मी कुणाला काही विचारलं नाही. मजुरी तोंडानं मागायची नसते, ती आपोआप पुढे येते, असं मला माहेरी दिसलं होतं.

काकूंच्या मागून दुसरी आली, तिच्या मागून तिसरी. बघता बघता नऊ घरांच्या शेवया मी केल्या. पाठ मोडली, अंगठा दोरीनं सोलला. पोरगी मात्र खूश होती. काठ्यांवरच्या शेवया वाऱ्यानं हलल्या की हसायची. शेवया घेऊन जाताना प्रत्येक बाई म्हणायची, "येतो मंग आमी." मी म्हणायचे, "या." मला वाटायचं, खळं उरकलं की गहू घेऊन येतील.

सासूबाई मळ्यातून परत आल्या की अंगणातल्या काठ्या मोजल्यासारख्या बघायच्या. एकदा म्हणाल्या, "लोकायचंच करत बसशीन का?"

"मजुरी येईल ना," मी म्हटलं.

"मजुरी?" त्यांनी डोक्यावरची टोपली उतरवली आणि माझ्याकडे बघत राहिल्या. "कोण देते वं तुले?" आणि पाय धुवायला गेल्या. त्यांना ठाऊक होतं का? ठाऊक असून सांगितलं नाही, की मला ठाऊक असेल असं त्या धरून चालल्या? हे मी आजही ठरवू शकलेली नाही.

आखाजी दोन दिवसांवर आली. गव्हाचा एक दाणा दारात आला नव्हता. नऊच्या नऊ बायका आडावर भेटायच्या, हसायच्या, पोरीचा गालगुच्चा घ्यायच्या, आणि मजुरीचं नाव नाही. उलट मीच काहीतरी चुकवत असल्यासारख्या माझ्याकडे बघायच्या. शेवटी माझं डोकं फिरलं. पोरीला काखेत घेतलं आणि तरातरा काकूंच्या दारात गेले.

"काकू, शेवयाचं काय ते देऊन टाका. मले गरज हाय."

"काय देऊ?"

"मजुरी."

काकू ज्वारी निवडत होत्या. त्यांचा हात सुपातच थांबला. "तू मजुरीनं करून राह्यली होती आमच्या शेवया?" त्यांचा आवाज दुखावल्यासारखा झाला होता. "आमी काय परके हावो? सावड होती ना वं ते."

सावड मला ठाऊक नव्हती असं नाही. शेतीत बैलांची सावड असते: आज तुझ्या वावरात माझी जोडी, उद्या माझ्या वावरात तुझी. पण शेवयांची सावड असते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. जानेफळात कुणी बाई एकटी शेवया करतच नसे. आज हिच्या घरी सगळ्या, उद्या तिच्या घरी. माझी पाळी फेडायला त्या नऊजणी केव्हाच्या तयार होत्या.

"तूच बोलावत नाही," काकू म्हणाल्या. "घरच्या केल्या त्या एकटीनं. पीठ देलं तं तेबी एकटीनं करून देलं. आमीच म्हणून राह्यलो, हे जळगाववाली आपल्याले बोलावत काऊन नाही? मोठ्या घरची समजते का काय सोताले?"

म्हणजे इतके दिवस मी त्यांच्या मजुरीची वाट पाहत होते आणि त्या माझ्या बोलावण्याची. मी तिथंच ओट्यावर बसले. हसावं की रडावं कळेना, म्हणून दोन्ही केलं. आणि मग बोलायचं नव्हतं ते सगळं बोलून गेले: आखाजी, मळा, पितळी डबी, माझा भाऊ. भावाचं तर मी ह्यांनाही कधी सांगितलं नव्हतं. काकू ज्वारीतले खडे वेचत राहिल्या. मी घरी आले तेव्हा मला माझीच लाज वाटत होती, आणि लाज कशाची तेही उमजत नव्हतं. पैसे मागितल्याची, की सासरची गोष्ट बाहेर सांगितल्याची?

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई टोपली डोक्यावर घेऊन निघाल्या, तर दारात काकू उभ्या. हातात विळा, डोक्यावर टोपली. त्यांच्या मागे बाकीच्या आठजणी.

"आज मी येतो मळ्यात," काकू सासूबाईंना म्हणाल्या. "उद्या हे येईन. परवा ते. एकेक दिवस सगळ्या येऊन जाऊ."

"कायले?"

"तुमच्या सुनेची सावड फेडाची हाय. तिच्या शेवया तं तिनं एकटीनंच करून घेतल्या, मंग सावड कुठं फेडाव?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्या नऊजणींत एकीच्या खांद्यावर वर्षाच्या आतलं लेकरू होतं. सकाळची वेळ, भोवती एवढा गलका, आणि ते लेकरू मान टाकून गाढ निजलेलं. त्याच्याकडे सगळ्यांनी एकदा पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. त्या बाईनं पदर ओढून त्याचं डोकं झाकलं. कुणी गोळीचं नाव काढलं नाही.

सावड नाकारता येत नाही. नाकारली तर पुढच्या साली तुमच्या दारात कुणी पाट घेऊन येत नाही, आणि लग्नकार्यात पोळ्या लाटायलाही येत नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "चला मंग, ऊन चढून राह्यलं."

नऊ दिवस रोज एक बाई माझ्या जागी मळ्यात राबली. आखाजी त्यातच येऊन गेली. माझ्याच शेवयांची खीर झाली. रोज संध्याकाळी सासूबाई मला त्या दिवशीच्या बाईची खबर देत. आजची लय बोलते, मिरच्यायपेक्षा तोंडच जास्त चालते तिचं. आजचीनं सांबार मुळ्यासकट उपटला. काकूंबद्दल काही बोलल्या नाहीत, म्हणजे काकूंचं काम चांगलं असणार. मी घरी स्वयंपाक करायचे, पोरीला पाजायचे, आणि बसून विचार करायचे. मी काम केलं होतं ते खरं. त्याचा मोबदला आला होता तोही खरा. पण तो मळ्यात गेला, माझ्या हाताला काही लागलं नाही. मग मी कमावती झाले की नाही? शब्द माझा होता की मजुरी मी घरी बसून काढेन. तो मी पाळला, की माझ्यासाठी दुसऱ्यांनी पाळला? विचार करून डोकं दुखायचं आणि शेवटी पोरगीच भोकाड पसरून मला सोडवायची. आणि फडताळात डबी होती तिथंच, पुढे.

नववा दिवस संपला. आता सावड फिटली होती. दहाव्या सकाळी मी भाकरी लवकर टाकल्या आणि पोरीला छातीशी धरून बसले. मी ठरवलं होतं, भांडायचं. काय बोलायचं तेही पाठ केलं होतं. पण सासूबाई मला काही म्हणाल्याच नाहीत. भाकर बांधून घेतली आणि एकट्याच निघून गेल्या. पाठ केलेलं सगळं माझ्या तोंडात तसंच राहिलं.

दुपारी भर उन्हात त्या परत आल्या. या वेळेला कधी येत नसत. डोक्यावर कांद्याची जड टोपली होती. ती ओसरीत उतरवली, पदरानं तोंड पुसलं आणि खांबाला टेकून बसल्या.

"हे निवडून ठेव," त्या म्हणाल्या. "बियाचे येगळे, बाजारात इकाचे येगळे. कांदा सुकला तरी मरत नाही. उद्या लसूण आणतो, त्याच्या जुड्या बांध."

मी टोपली पुढे ओढली. त्या माझ्या हातांकडे बघत होत्या, मग झोळीकडे.

"माह्या टायमाले कोणी सावड नाही देली वं मले," त्या म्हणाल्या. "मळाबी होता, लेकरंबी होते. चार लेकरं निजवले म्या. एकच उठला."

मी कांदा हातात धरून बसले. गोळीनं का, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. आईला विचारलं होतं तेव्हा ती चुलीकडे वळली होती, हे आठवलं, आणि मी विचारलं नाही. त्या एका उठलेल्याची मी रोज थट्टा करत होते, हेही आठवलं.

तेवढ्यात झोळीत पोरगी जागी झाली आणि तिनं मोठ्यानं सूर लावला. माझा पाय सवयीनं दोरीकडे गेला. सासूबाईंनी हात पुढे करून माझा पाय धरला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "रडू दे तिले थोडी."